दोष कुठे आहे? ग्रँड पियानोच्या तारा, नकोसे आवाज आणि सुरांचा शोध

आपल्या विद्यालयाच्या सभागृहात व्यासपीठाच्या उजव्या अंगाला असलेला काळा ग्रँड पियानो अनेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. एका हितचिंतक कुटुंबाने घर बदलताना तो विद्यालयास भेट दिला. पाय वेगळे करून, कुशीवर उभा करून, वसतिगृहातील गाद्यांत गुंडाळून तो टेंपोतून आणला गेला. तो उतरवून घेणाऱ्या मुलांपैकी काही जण आज पालक म्हणून ही स्मरणिका वाचत असतील. प्रस्तुत लेख त्या वाद्याविषयी आहे, आणि त्याच्या निमित्ताने माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयीही.

एका पावसाळ्यात त्या पियानोतील खालच्या सप्तकातली एक पट्टी दाबली की सुरामागून पत्रा थरथरावा तसा झणझणाट येऊ लागला. आठवीतला एक मुलगा संध्याकाळच्या वंदनेनंतर पियानोवर बोटे फिरवताना सर्वांनी पाहिला होता. सभागृहाची जबाबदारी माझ्याकडे होती. मी त्याला बोलावून एवढेच विचारले, "तू वरचे झाकण उघडले होतेस का?" तो "हो" म्हणाला. माझ्या लेखी चौकशी तिथेच संपली. पियानोला कुलूप लागले आणि त्याला हात लावण्याची मनाई झाली. जाता जाता तो हळूच म्हणाला, "सर, आवाज पेटीतून येत नाही." मी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी सांगत आलो की साधन तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. वर्गातला हा नियम सभागृहात मला आठवला नाही. पुढे मुंबईहून एक वयस्कर ट्यूनर आले. त्यांनी दोन दिवसांत जे दाखवले आणि त्यानंतर मी या विषयावर जे वाचले, त्याचा सारांश येथे मांडतो.

१. वाद्याची घडण

पियानोचा जनक म्हणून बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या इटालियन कारागिराचे नाव घेतले जाते. तो फ्लॉरेन्स येथे मेदिची राजघराण्याच्या पदरी होता. त्या घराण्याच्या वाद्यांची १७०० साली केलेली यादी उपलब्ध आहे आणि तीत मंद व मोठा असे दोन्ही आवाज काढणाऱ्या त्याच्या नव्या वाद्याची नोंद आहे. त्यापूर्वीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाई, त्यामुळे पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजात फारसा फरक पडत नसे. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी मारण्याची आणि मारताच ती मागे घेण्याची युक्ती बसवली. बोटातले बळ सुरात उतरू लागले. इटालियन भाषेत 'पियानो' म्हणजे मंद आणि 'फोर्ते' म्हणजे जोरकस. त्या जोडनावातला पहिला शब्दच पुढे वाद्याचे नाव झाला. त्याने १७२० साली बनवलेला पियानो आजही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

पुढील शतकात सभागृहे मोठी झाली, तारा जाड झाल्या, ताण वाढला आणि लाकडी सांगाडा तो पेलेनासा झाला. तेव्हा अमेरिकेतील बॉस्टन येथे १८२५ मध्ये आल्फियस बॅबकॉकने चौकोनी पियानोसाठी आणि १८४३ मध्ये जोनास चिकरिंगने ग्रँड पियानोसाठी ओतीव लोखंडाच्या एकसंध चौकटीचे एकस्व घेतले. आजच्या ग्रँड पियानोत ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात. एकेका तारेवर साधारण ७० ते ९० किलो वजनाइतका ताण असतो. सर्व तारांचा मिळून तो १८ ते २० टनांच्या घरात जातो. स्वस्थ उभ्या दिसणाऱ्या त्या काळ्या पेटीत अष्टौप्रहर एवढे ओझे ताणलेले असते, हे लक्षात घेतल्याशिवाय तिचे आजार समजत नाहीत.

तारेचा प्रवास थोडक्यात असा. तिचे एक टोक पट्ट्यांच्या बाजूला पोलादी खुंटीभोवती गुंडाळलेले असते. ही खुंटी अनेक थर चिकटवून केलेल्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यात घट्ट ठोकलेली असते. खुंटीकडून निघालेली तार खालच्या व मधल्या सप्तकांत छिद्र असलेल्या पितळी तुकड्यातून, तर वरच्या सप्तकांत चौकटीच्याच एका ओतीव दांड्याखालून जाते. तेथून तिचा बोलणारा भाग सुरू होतो. तो लाकडी घोडीवर संपतो आणि त्यापलीकडे तार लोखंडी चौकटीवरील खिळीला अडकवलेली असते. घोडी उभी असते स्प्रूस लाकडाच्या पातळ, किंचित फुगीर फळीवर. हा ध्वनिफलक, म्हणजेच साउंडबोर्ड. तार स्वतः फार थोडी हवा हलवते. तिचे कंपन घोडीमार्गे या फलकाला मिळते आणि तोच सभागृहभर बोलतो. मंद्र सुरांना प्रत्येकी एक किंवा दोन तारा असतात आणि त्यांवर तांब्याची तार गुंडाळलेली असते. बाकीच्या सुरांना प्रत्येकी तीन साध्या पोलादी तारा असतात. पट्टी सोडताच नमद्याचा डँपर तारांवर बसतो आणि सूर थांबतो.

या साखळीतील प्रत्येक सांधा सूर पुढे नेतो. म्हणूनच प्रत्येक सांधा कुरबूरही करू शकतो.

२. आवाज ऐकू येतो तिथेच असतो असे नाही

ट्यूनर आले तेव्हा मी त्यांना थेट त्या दोषी तारेकडे नेले. त्यांनी तिला हातही लावला नाही. ती पट्टी एकदा दाबली, डोळे मिटून ऐकले आणि मला म्हणाले, "गुरुजी, मी हा सूर वाजवत राहतो. तुम्ही सभागृहात फिरा आणि जी वस्तू सैल दिसेल तिच्यावर तळहात ठेवत चला."

मला ते विचित्र वाटले, तरी मी निघालो. वरच्या झाकणाची बिजागरी, तिची खीळ, स्वरलिपी ठेवण्याची फळी, पायांखालची चाके, मग खिडकीची तावदाने. झणझणाट चालूच होता. मागच्या भिंतीवर माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीचे समूहछायाचित्र आहे. त्याच्या काचेवर तळहात ठेवला आणि आवाज नाहीसा झाला. हात काढला, पुन्हा आला. पावसाळी दमटपणाने चौकटीचे लाकूड फुगून सांधा उघडला होता आणि काच आत सैल झाली होती. पियानोचा तो विशिष्ट मंद्र सूर आणि त्या काचेचे स्वाभाविक कंपन जुळत होते. दुसऱ्या कोणत्याही सुराला काच हलत नव्हती, म्हणून सर्वांना वाटले की दोष त्याच तारेत आहे.

यामागे अनुनादाचा नियम आहे. प्रत्येक वस्तूची कंपनाची स्वतःची एक वारंवारता असते. बाहेरून नेमक्या त्याच वारंवारतेचा सूर आला की वस्तू आपसूक थरथरू लागते. पियानोचा आवाका सेकंदाला २७.५ कंपनांपासून ४१८६ कंपनांपर्यंत आहे, त्यामुळे खोलीतील बहुतेक वस्तूंना जागवणारा एखादा सूर त्यात सापडतोच. पियानोच्या आतही हेच घडते. ध्वनिफलकावर पडलेली पेन्सिल, टाचणी, नाणे, सैल झालेला स्क्रू, सुटलेले नावाचे अक्षर हे नेहमीचे गुन्हेगार. म्हणून कसलीही दुरुस्ती करण्यापूर्वी पाळायचा क्रम असा: आधी खोली, मग पेटीच्या बाहेरचे भाग, मग आतल्या सुट्या वस्तू आणि सर्वांत शेवटी तार. एक जण सूर वाजवतो, दुसरा शोधतो. एका वेळी एकाच वस्तूला हात लावायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या बदलाने आवाज थांबला ते कधीच कळत नाही.

तो मुलगा खरे बोलत होता. आवाज पेटीतून येत नव्हता.

३. तारेचे स्वतःचे दोष

काच बसवल्यावर आमच्या पियानोचे खरे दोष ऐकू येऊ लागले. मोठ्या गोंगाटामागे लहान तक्रारी दडून राहतात. ट्यूनरांनी दाखवलेले आणि ग्रँड पियानोत सामान्यतः आढळणारे दोष असे आहेत.

गुंडाळी सैल होणे. मंद्र तारांवरील तांब्याची गुंडाळी वयोमानाने आतल्या पोलादी तारेपासून सुटी होते आणि सूर भुणभुणतो. अशा वेळी कारागीर ताण उतरवतो, तारेचे टोक खिळीवरून काढतो, गुंडाळीच्याच दिशेने तारेला अर्धा ते एक पीळ देऊन पुन्हा अडकवतो. अनेकदा तेवढ्याने तार बोलू लागते. वेटोळ्यांत धूळ व गंज भरल्यास भुणभुण होत नाही, पण सूर बद्द होतो, रिकाम्या डब्यावर थाप मारावी तसा. तेव्हा तार सैल करून तिची सैल लूप टोकापर्यंत फिरवतात, म्हणजे कचरा झडतो. तरीही सुधारणा न झाल्यास तार बदलणे हाच उपाय.

एकटीच लहरणारी तार. दोन तारांत किंचित फरक असेल तर आवाजात चढउतार येतो हे समजण्यासारखे आहे. परंतु काही वेळा एकच तार वाजवली तरी ती लहरते. तिला सुरात लावणे अशक्य होते, कारण तिच्यात जणू दोन सूर असतात. याचे कारण बहुधा घोडीवर सापडते. तेथे तार दोन तिरप्या खिळ्यांमधून वळवलेली असते. पावसाळ्यात घोडीचे लाकूड फुगून तार वर ढकलली जाते आणि खिळ्याजवळची कड दबते. कोरड्या ऋतूत लाकूड आकसते, तेव्हा खिळा सैल पडतो. परीक्षा सोपी आहे. सूर चालू असताना त्या खिळ्यावर बाजूने स्क्रूड्रायव्हर दाबून धरावा. लहर थांबली तर खिळा सैल. मग तो पातळ चिकटद्रव्याने पक्का करतात. तार घोडीवर टेकलेली नसेल तर पितळी सळईने ती अगदी हलके खाली बसवतात. येथे जोर केल्यास लाकूड आणखी दबते आणि उपाय हाच नवा आजार होतो.

वरच्या सप्तकांतील सळसळ. ज्या ओतीव दांड्याखालून तार जाते, त्यावर वर्षानुवर्षांच्या घावांनी खाचा पडतात. तार खाचेत कडेला घासते आणि सुराबरोबर बारीक फुसफुस येते. योग्य उपाय म्हणजे तारा उतरवून दांड्याची कड पुन्हा गुळगुळीत व गोल करणे. दांड्यापलीकडच्या न वाजणाऱ्या तुकड्यांत नमद्याची पट्टी ओवणे ही तात्पुरती मलमपट्टी असते. स्टाइनवे घराण्यातील थिओडोर स्टाइनवे यांनी १८७२ मध्ये या न वाजणाऱ्या तुकड्यांची लांबी मोजूनमापून ठेवण्याचे एकस्व घेतले, जेणेकरून तेही सुराला साथ देतील. ही साथ जुळली तर वरच्या सुरांना चकाकी येते, बिघडली तर किणकिण होते. ज्या तुकड्यांनी गप्प राहायचे असते, त्यांच्यातून कारखान्यातच कापडी फीत विणलेली असते. ती निसटली असेल तर तीही पाहावी.

डँपरचा चीत्कार. पट्टी सोडताना 'झिंग' असा आवाज आला तर डँपरचा नमदा कठीण झाला आहे किंवा तो तारांवर सरळ बसत नाही असे समजावे.

हातोडी आणि तारा यांचे न जुळणे. तीन तारा एका पातळीत नसतील तर हातोडी आधी एकीला आणि मग दुसरीला लागते. सूर पातळ व कर्कश येतो. आधी तारा समपातळीत आणाव्यात, मग हातोडीचा नमदा त्यांना जुळवून घ्यावा.

ध्वनिफलकाची भेग. भेग दिसली की मालक घाबरतो. वास्तविक अनेक पियानो भेगांसह उत्तम वाजतात. फलकामागच्या आधारपट्ट्या सुटून लाकडावर लाकूड आपटू लागले, तर मात्र गुणगुण सुरू होते.

येथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. मिरजेत तंबोरा बनवणारे कारागीर ज्या जवारीसाठी तासन्‌तास घोडी घासतात, ती जवारी म्हणजे तारेने रुंद घोडीच्या पृष्ठभागाला केलेला हलका स्पर्शच. तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो स्पर्श नेमका साधतात आणि उपस्वरांचा तो गुंजारव उमटतो, ज्याच्याशिवाय आपले गायन पोरके वाटते. पियानोत तार टेकूवर घासली तर तो दोष, तंबोऱ्यात तो प्राण. आवाज जन्मतः चांगला किंवा वाईट नसतो. त्या वाद्याच्या घडणीत त्याला कोणती जागा दिली आहे, यावर त्याचे मोल ठरते.

४. सूर का उतरतो?

लोकांची समजूत अशी की पियानो वाजवल्याने बेसूर होतो. न वाजवता कुलपात ठेवलेला पियानोही बेसूर होतोच. त्याचे पहिले कारण हवेतील आर्द्रता. ध्वनिफलक ओलावा घेऊन फुगतो, घोडी वर उचलली जाते, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की तो उतरतो. पियानोस साधारण ४० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. कोकणपट्टीत जुलै महिन्यात ती ८० टक्क्यांच्याही वर असते, आणि मार्च-एप्रिलमध्ये देशावर व विदर्भात हवा अगदी कोरडी पडते. सर्व सप्तके सारखी चढत-उतरत नाहीत. मधल्या सप्तकांवर परिणाम अधिक होतो, त्यामुळे पियानो नुसता चढत नाही, आपापसातच विसंवादी होतो. म्हणून पहिल्या पावसानंतर लगेच ट्यूनर बोलावण्यात अर्थ नसतो. ऋतू स्थिरावल्यावर दोन-तीन आठवड्यांनी बोलवावा. आमचा पियानो पश्चिमेच्या खिडकीखाली होता. तो आतल्या भिंतीकडे सरकवला, तेव्हा पुढील वर्षी निम्मी तक्रार उरली.

दुसरे कारण सैल खुंट्या. खुंटी ज्या लाकडी ठोकळ्यात आहे तो सुकून भेगाळला, तर ती ताण धरून ठेवत नाही. आज लावलेली तार उद्या उतरते. त्यावर किंचित जाड खुंटी बसवणे, छिद्रात पातळ चिकटद्रव्य सोडणे, किंवा शेवटी संपूर्ण ठोकळा बदलणे असे चढत्या खर्चाचे उपाय आहेत.

तिसरे कारण कारागिराची घाई. तार अनेक टेकूंवरून जाते आणि प्रत्येक ठिकाणी घर्षण असते. खुंटी फिरवली की तिच्याजवळच्या तुकड्यातला ताण वाढतो, पण तो ताण पलीकडच्या तुकड्यांत उशिरा पोचतो. सूर जुळला असे वाटते आणि दोन दिवसांच्या वादनात तार सरकून खाली येते. जाणता ट्यूनर सूर अगदी किंचित वर नेतो, पट्टीवर जोरकस आघात करून ताण सर्व तुकड्यांत सारखा करतो आणि खुंटीला सुरावर स्थिरावू देतो.

आमचा पियानो जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरलेला होता. मी म्हटले, "एकदाच वर घ्या." ते हसले. एक भाग ताणला की फलक दबतो आणि आधी लावलेला भाग पुन्हा उतरतो. त्यामुळे प्रथम सर्व तारा ढोबळपणे वर नेतात, आणि बारीक काम दुसऱ्या फेरीत करतात. शिवाय जुन्या तारा टेकूंवर गंजाने चिकटलेल्या असतात. त्या आधी हलकेच सैल करून मगच ताणतात. सरळ ताणल्यास तुटतात, आणि एवढ्या ताणाची तार तुटणे धोक्याचे असते. आमच्या पियानोस हे काम दोन भेटींत, मधे काही आठवड्यांचे अंतर ठेवून झाले.

सोण थेरांची कथा आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. विनयपिटकाच्या महावग्गात ती येते. गृहत्यागापूर्वी वीणा वाजवणाऱ्या सोण भिक्खूंना भगवंतांनी तारेच्या ताणाविषयी विचारले आणि अतिताण व अतिशैथिल्य या दोहोंमधील सम अवस्थेकडे लक्ष वेधले. पियानोपाशी बसल्यावर या दृष्टान्तातील एक बारकावा मला प्रथमच उमगला. ही सम अवस्था एकदा गाठून संपत नाही. प्रत्येक तारेची ती वेगळी असते, आणि ऋतू बदलला की पुन्हा शोधावी लागते.

५. सूर लावणे म्हणजे काय?

१७११ साली जॉन शोर या इंग्रज तुतारीवादकाने नादकाटा बनवला. पण नादकाट्याचा सूर कोणता असावा यावर शहराशहरांत मतभेद होते. फ्रान्सने १८५९ मध्ये 'ए' हा सूर सेकंदाला ४३५ कंपनांवर ठरवला. १९३९ मध्ये लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ४४० कंपनांवर एकमत झाले. आज जगभर सामान्यतः हेच प्रमाण मानतात.

नादकाट्यावरून एक तार लावली की बाकीच्या सुरांसाठी कान विस्पंद मोजतो. ४४० व ४४१ कंपनांच्या दोन तारा एकत्र वाजल्या तर सेकंदाला एक अशी लहर ऐकू येते. सूर जवळ येतील तशी लहर संथ होते, आणि जुळताच थांबते. तीन तारांपैकी दोन तारा नमद्याच्या पाचरीने गप्प करून ट्यूनर आधी एक तार लावतो. मग उरलेल्या दोन एकेक करून तिच्याशी मिळवतो.

मात्र दोन वेगवेगळ्या सुरांमधील प्रत्येक लहर थांबवायची नसते. षड्ज-पंचमाचे शुद्ध प्रमाण १.५ आहे. असे बारा पंचम एकावर एक रचले तर १२९.७५ पट मिळते, आणि सात सप्तकांचा गुणाकार मात्र १२८ येतो. हा फरक कुठेतरी मुरवावाच लागतो. पियानोत तो बाराही सुरांत सारखा वाटून टाकतात. त्यामुळे प्रत्येक पंचम किंचित आखूड होतो आणि गांधार बराच चढतो. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गांधार ज्यांच्या कानात आहे, त्यांना हार्मोनियमचा गांधार टोचतो त्याचे कारण हेच. पियानोच्या मध्य भागातील 'एफ' आणि त्यावरील 'ए' एकत्र वाजवले, तर सेकंदाला सुमारे सात लहरी यायला हव्यात. कमी आल्या तरी चूक, जास्त आल्या तरी चूक. थोडी तडजोड सर्वांनी सोसायची आणि कोणा एका सुरावर सगळे ओझे लादायचे नाही, अशी ही व्यवस्था आहे.

६. पॅरिसमधील एक निवासी शाळा

या विद्येचा इतिहास वाचताना क्लोद मोंताल हे नाव भेटले, आणि मला माझ्या सभागृहातील कुलूप आठवले.

मोंतालचा जन्म १८०० सालचा. बालपणीच त्याची दृष्टी गेली. पॅरिस येथील अंध मुलांच्या निवासी संस्थेत तो शिकला. लुई ब्रेलही त्याच संस्थेचा विद्यार्थी. संस्थेतील पियानो नीट लागलेले नसत. मोंताल आणि त्याचा एक अंध सोबती यांनी पेटी उघडून, हाताने चाचपून, तिची रचना समजून घेतली आणि स्वतः सूर लावू लागले. नेमलेल्या डोळस ट्यूनरने तक्रार केली, तेव्हा संचालकांनी दोघांना पियानोला हात लावण्याची मनाई केली. अंध मुले एवढे नाजूक यंत्र बिघडवणार, यापलीकडे कोणी विचार केला नाही. त्या दोघांनी एक जुना पियानो मिळवला, तो पूर्ण उघडला, दुरुस्त केला आणि सुरात लावून दाखवला. निकाल बदलावा लागला. पुढे मोंताल तेथेच ही विद्या शिकवू लागला. नंतर त्याने पॅरिसमध्ये स्वतंत्र व्यवसाय थाटला आणि १८३६ मध्ये पियानो स्वतः कसा लावावा यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्यामागून युरोपात पियानो लावणे हा अंध व्यक्तींचा एक प्रतिष्ठित व्यवसाय बनला.

ज्यांना हात लावू नका म्हटले गेले, त्यांच्याच कानांनी ते शास्त्र पुढे गेले. या वाक्याचा अर्थ आपल्या वाचकांना मी वेगळा सांगायची गरज नाही.

७. आपण काय करावे, काय करू नये

ज्यांच्या घरी, शाळेत किंवा विहारात तंतुवाद्य आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात:

आवाज आला की प्रथम त्याची नोंद करावी: कोणता सूर, कोणत्या ऋतूत, हळू वाजवल्यावर की जोरात, पट्टी दाबल्यावर की सोडल्यावर.

खोलीतील व पेटीवरील सैल वस्तू तपासाव्यात. पियानोवर फुलदाणी वा तसबीर ठेवू नये.

पियानो उन्हापासून, खिडकीपासून व बाहेरच्या ओलसर भिंतीपासून दूर ठेवावा. एक साधा आर्द्रतामापक जवळ लावावा.

तारांना बोटे लावू नयेत, घामाने गंज चढतो. तारांवर वा खुंट्यांवर तेल कधीही सोडू नये, ते ठोकळ्यात झिरपले की खुंटी कायमची सैल होते.

खुंटी स्वतः फिरवू नये. ते काम जाणत्या माणसाचे.

आणि शेवटचे. ज्याने आवाज प्रथम ऐकला, त्याला दोषी ठरवण्याआधी त्याने काय ऐकले ते विचारावे.

काच बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या परिपाठात मी सर्वांसमोर सांगितले की पियानोत या मुलाने काहीही बिघडवले नव्हते, त्याने मला खरे कारण सांगितले होते आणि मी ते ऐकले नाही, ही माझी चूक होती. सभागृहात शांतता होती. तो तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होता. परिपाठ संपल्यावर मला वाटले, तो काही बोलेल, कदाचित रागावलाही असेल. तो जवळ आला आणि त्याने एवढेच विचारले, "सर, आता कुलूप काढाल ना?"

किल्ली माझ्या खिशातच होती.